अझेलियावर धरलेली छत्री

गेल्या हिवाळ्यात दोन महिने, रोज दुपारी बारा ते एक, मी आमच्या अंगणात एका कुंडीवर छत्री धरून उभा असायचो. कुंडीत चार वाळक्या काटक्या होत्या आणि त्यांच्या अवतीभवती शेजारच्या कुंपणातून तोडून आणून खोचलेल्या मेंदीच्या फांद्या. हे वाचून माझ्या डोक्याविषयी तुम्हाला जी शंका आली, ती आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना येऊन गेलेली आहे. तेव्हा संकोच करू नका.

सुरुवात बायकोपासून करायला हवी. माझ्या सगळ्या गोष्टींची सुरुवात तिथूनच होते आणि शेवटही तीच करते. तिने तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो; पाणी कुणाला, कधी आणि किती द्यायचं याचे कागद मी आयुष्यभर या टेबलावरून त्या टेबलावर सरकवले. पाणी या विषयात मला कुणी शिकवू नये, अशी माझी निवृत्तीपर्यंत समजूत होती.

मुलगी आणि जावई नोकरीपायी हिमाचलात असतात. मुलीच्या डोहाळजेवणाला बायको तिकडे गेली. लोक तिकडून सफरचंदं आणतात. ही दोन रात्रींचा रेल्वेप्रवास करून, मांडीवर एक झाड घेऊन उतरली. सोबत पिशवीभर चिडाच्या, म्हणजे तिकडच्या पाइन झाडाच्या, वाळक्या सुया.

"हे काय?" मी स्टेशनावरच विचारलं.

"अझेलिया. पानगळीची जात आहे. आणि पिशवी जपून धरा, ती त्याची माती आहे."

"माती? आपल्या सोलापुरात मातीचा दुष्काळ पडला का?"

"आपली काळी माती त्याला विष आहे," ती म्हणाली आणि रिक्षात झाडाला खिडकीची बाजू दिली. मी बॅगा मांडीवर घेऊन मध्ये बसलो.

झाड गुडघ्याएवढं होतं. चार फांद्या, मऊसर पानं आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला एक टपोरी, मिटलेली कळी. उत्तरेच्या भिंतीलगत, जिथे आमच्याकडे फक्त तुटक्या खुर्च्या ठेवतात तिथे, तिने कुंडी मांडली. नारळाच्या काथ्याचा भुसा, पालापाचोळ्याचं खत आणि त्या सुया असं मिश्रण कालवलं. लाडवाचं सारण कालवताना नसते एवढी काळजी तिच्या चेहऱ्यावर होती. रात्री जेवताना तिने मला सगळं समजावून सांगितलं. या कळ्या तिकडेच तयार झालेल्या आहेत. थंडीत सगळी पानं गळतील. झाड अगदी उघडं होईल. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये आधी फुलं येतील, नारिंगी, आणि पानं त्यानंतर.

"पळस फुलतोच की तसा आपल्याकडे," मी म्हणालो. एवढं एक वाक्य मी ऐकून उत्तर दिलं होतं, याची नोंद व्हावी.

"पळसाला मी पाणी घालते का? माझ्या मांडीवर बसून आला का तो?" मग जरा थांबून म्हणाली, "मुलगी काही आता इकडे परत येत नाही. नातवंडही तिकडचंच होणार. तिकडचं एक काहीतरी आपल्या दारात फुलावं असं वाटतं, एवढंच."

हे मी तुम्हाला आता नीट सांगतोय, पण ती सांगत होती तेव्हा समोर टीव्हीवर शेवटची चार षटकं चालू होती. पळसानंतर मी दर वाक्याला "हं" म्हणालो. चौतीस वर्षांच्या संसारात या "हं"ने मला कधी दगा दिला नव्हता.

नोव्हेंबरच्या शेवटी बाळंतपणासाठी ती पुन्हा तिकडे निघाली. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण मुलीचे डॉक्टर, रजा, सगळं तिकडेच. माझ्या गुडघ्यांना ती थंडी सोसत नाही, म्हणून मी घर आणि झाड सांभाळायचं ठरलं. निघताना ती दारात म्हणाली, "घराकडे लक्ष नाही दिलंत तरी चालेल. झाडाला एक दिवसाआड फिल्टरचं पाणी. बोअरचं नको, त्यात क्षार असतात."

आता आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर बसतो, हे मला मान्य. पण प्यायचं पाणी झाडाला? कारकुनाच्या जिवाला ते बरं वाटेना. आमच्या फिल्टरला बाजूने एक नळी आहे, तिच्यातून वाया जाणारं पाणी बाहेर पडतं. मी म्हटलं, हेही फिल्टरमधूनच आलेलं. तिचा शब्द मोडला जात नाही आणि पाणीही वाचतं. क्षार काढून टाकायचे ते सगळे त्याच नळीतून बाहेर येतात, म्हणजे मी बोअरच्याही वरताण पाणी देत होतो, हे मला दोन आठवड्यांनी आमच्या दूधवाल्याने सांगितलं.

दुसरा पराक्रम थंडीचा. डिसेंबरात आमच्याकडेही पहाटे गारठा पडतो. मला झाडाची दया आली. घरात चादरींना तोटा नाही, सोलापूरच आहे. लाल-काळ्या नक्षीची एक जाड चादर मी रोज संध्याकाळी कुंडीभोवती गुंडाळायला लागलो. बर्फात वाढलेल्या झाडाला.

आणि मग पानं पडायला लागली.

आधी पिवळी झाली, मग काही तांबूस, आणि आठ-दहा दिवसांत सगळं झाड बोडकं. आमच्याकडे कडुनिंब पानं टाकतो, पिंपळ टाकतो, पण ते उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि एका बाजूने टाकतात तोवर दुसऱ्या बाजूने नवी येतातही. ऐन डिसेंबरात असं नागवं झालेलं झाड म्हणजे मेलेलं झाड, हा माझा अनुभव. नळीचं पाणी आठवलं. चादर आठवली. दारात उभी राहून "घराकडे लक्ष नाही दिलंत तरी चालेल" म्हणणारी बायको आठवली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही.

त्याच आठवड्यात तिकडे नात झाली. फोनवर ती इवलीशी, टोपडं घातलेली नात मी बघितली, डोळे भरून आले, आणि पहिल्या पाच मिनिटांतच बायको म्हणाली, "आता मला झाड दाखवा."

"आत्ता अंधार पडलाय," मी म्हणालो.

"तिकडे साडेपाचला अंधार?"

"ढग आलेत."

दुसऱ्या दिवशी ढगांची सबब चालणार नव्हती. शेजारच्या अक्कांच्या कुंपणाला मेंदी आहे. अक्का मूळच्या दुधनीकडच्या. घरात कानडी, आमच्याशी मराठी, आणि आवाज दोन्ही भाषांना पुरून उरणारा. त्यांची सून नोकरीला जाते, त्यामुळे दिवसभर गल्लीकडे लक्ष ठेवायचं काम अक्कांकडे. मी मेंदीच्या आठ-दहा फांद्या तोडल्या, कुंडीत अझेलियाच्या काटक्यांना लागून खोचल्या, दोऱ्याने हलकेच बांधल्या. लांबून बघितलं तर काय बहरलेलं झाड! मलाच क्षणभर आनंद झाला.

फोन केला. बायकोने बघितलं.

"नेटवर्क गेलं काय?" मी विचारलं.

"नाही, नाही. बघतेय," ती म्हणाली. "छान ठेवलंत हो. पण पानं जरा मलूल वाटतात. ऊन लागतंय का?"

"थोडंसं... दुपारी."

"मग दुपारी बारा ते एक छत्री धरत जा."

"खुर्चीला बांधून ठेवू?"

"छे, वाऱ्याने पडेल. हातातच धरा. आणि रोज ओल्या कापसाने पानं पुसा. आणि मोजा. किती आहेत ते संध्याकाळी मला सांगायचं."

फोन जरा हलत होता. मला वाटलं, थंडीने तिचा हात कापत असेल.

अपराधी माणसाला शिक्षा झाली की हलकं वाटतं. मी सगळं केलं. दुपारी छत्री, सकाळी कापूस, संध्याकाळी मोजणी. मेंदी तीन दिवसांत कोमेजायची, मग मी नवी आणायचो, आणि आकडा बदलायचा. "काल चव्वेचाळीस होती, आज एकसष्ट?" बायको विचारायची. "वाढतंय हो! तुमचा हात चांगला आहे." पाणीही आता मी शुद्ध फिल्टरचं द्यायला लागलो होतो, चादर काढली होती. मेलेल्याला आता त्याचा काय उपयोग, पण मनाला तेवढंच समाधान.

अक्का भिंतीपलीकडून बघायच्या.

"मेंदी कुणाला लावताय वो भाऊ? बाई तर तिकडं हायत."

"औषधाला लागते."

"व्हय व्हय. लई दिवस चाललंय औषध. डोक्याचं हाय काय?"

मी छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि न ऐकल्यासारखं केलं.

जानेवारीत बायकोने नवीन उपाय काढला. "झाडाशी बोलत जा. त्याला बरं वाटतं."

"काय बोलू?"

"माझ्याशी बोलत नाही ते सगळं."

पहिले दोन दिवस मी त्याला पेपर वाचून दाखवला. मग पेपर संपायचा आणि एक वाजायला अजून वेळ असायचा. मग सहज बोलायला लागलो. भाकरी नीट जमत नाही, कडा जळतात. शेंगाचटणीची बरणी संपली. नात फोनवर जांभई देते तेव्हा अगदी हिच्यासारखी दिसते. घरात दोन माणसं असून आपण इतकी वर्षं टीव्हीकडे बघून जेवलो, आता टीव्ही चालू असतो आणि जेवण तसंच राहतं. असलंच काहीतरी. मेंदीच्या पानांआडून त्या चार काटक्या मुकाट ऐकायच्या. मेलेल्या झाडाशी बोलण्याचा एक फायदा आहे, ते मध्येच "काल हेच म्हणालात" असं म्हणत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी बायको यायची तारीख ठरली आणि माझी झोप उडाली. मेंदी फोनवर खपली होती. दारात खपणार नव्हती. चार दिवस विचार करून मी एक योजना आखली. ती आठवली की मला आजही आंघोळ करावीशी वाटते.

माकडं.

आमच्या भागात वर्षाकाठी दोन-तीनदा माकडांची टोळी येते, कुंड्या पाडते, पेरू खाते. माकडांनी झाड उपटलं म्हटलं की कुणाचा दोष नाही. ती यायच्या दोन दिवस आधी मी झाड मातीच्या गोळ्यासकट ओढून काढलं. बोटांना कळ्यांचा टपोरेपणा लागला होता, पण म्हटलं, वाळल्या तरी आकार राहतोच. झाड अक्कांच्या भिंतीपलीकडे, घंटागाडीसाठी कचरा ठेवतात त्या ढिगावर टाकलं. इकडे कुंडी आडवी केली, माती विस्कटली. तरी काहीतरी कमी वाटत होतं. पुरावा. मग मी जाऊन दोन केळी आणली, तिथेच उभं राहून खाल्ली आणि साली टाकल्या.

बायको रिक्षातून उतरली ती बॅग हातात घेऊन थेट उत्तरेच्या भिंतीकडे.

"माकडं," मी तोंड पाडून म्हणालो. "परवाच. मी बाजारात गेलो होतो, एवढ्यात..."

तिने कुंडीकडे बघितलं, मातीकडे बघितलं, सालींकडे बघितलं. "माकडांनी केळी खाल्ली आणि साली एकावर एक नीट ठेवल्या?"

मी सालींकडे बघितलं. खरंच, एकावर एक होत्या. चौतीस वर्षं फायली लावलेल्या माणसाचा हात.

ती हसायला लागली. बॅग खाली ठेवली, भिंतीला टेकली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अहो, मेंदी! मला मेंदीची पानं ओळखू येत नाहीत? तीस वर्षं मी काय शिवण शिकवलं? पहिल्याच दिवशी ओळखली. मुलगी तर पोट धरून हसत होती, तिला म्हटलं, हळू, टाके आहेत तुझे. रोज संध्याकाळी आम्ही दोघी तुमच्या आकड्याची वाट बघायचो. आणि छत्री! खरंच धरलीत?"

"रोज," मी म्हणालो. काय वाटावं तेच मला कळेना.

"अहो, पानगळीची जात म्हटलं होतं ना मी? थंडीत सगळी पानं जातात. मेलं नव्हतं ते, झोपलं होतं. जेवताना सांगितलं सगळं, तुम्ही हं म्हणालात." तिने डोळे पुसले. "बरं, पुरे नाटक. झाड कुठे ठेवलंत?"

मी पायाने केळीची साल जराशी बाजूला सारली.

"अहो. झाड कुठंय?"

"टाकलं."

तिचं हसू गेलं ते मी बघितलं. अशा वेळी ती रागावते, हे मला माहीत आहे, आणि रागाची मला सवय आहे. पण ती रागावली नाही. पायरीवर बसली, प्रवासातली शाल अंगावर तशीच, आणि म्हणाली, "माझंच चुकलं. गंमत लांबवली. डिसेंबरातच सांगायला हवं होतं."

हे मला अजिबात सोसेना. मी चप्पल न घालता अक्कांच्या फाटकाकडे धावलो. आमच्या गल्लीत मला धावताना शेवटचं कुणी बघितलं असेल, तो माणूस आता हयात नसावा. ढिगाची जागा झाडून स्वच्छ होती. घंटागाडी सकाळीच येऊन गेली होती.

"अक्का! ढिगावर एक झाड होतं... काटक्या... परवा टाकलेलं..."

अक्का दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी आधी माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं, मग सूप बाजूला ठेवलं. "या की."

न्हाणीघराच्या मागे, सावलीत, रंगाच्या एका रिकाम्या डब्यात माझ्या चार काटक्या उभ्या होत्या. मातीचा गोळा जसाच्या तसा. अक्कांनी अंगठ्याच्या नखाने एका फांदीची साल जराशी खरवडली. आत हिरवंगार.

"सत्तिल्ला," त्या म्हणाल्या, आणि मला कानडी येत नाही हे आठवून पुन्हा म्हणाल्या, "मेलं न्हाय वो ते. मी परवाच बघितलं नखानं. घंटागाडीवाल्याला म्हटलं, ह्याला हात लावायचा न्हाय."

"पण तुम्हाला बघावंसं का वाटलं? मी तर टाकून दिलं होतं."

"अय्यो! दोन महिने रोज त्याच्यासंगं बोलत हुता की तुमी. मेल्यासंगं कोण बोलतंय इतकं?"

तोवर बायको मागून आली होती. अक्कांना श्रोता मिळाला. "बाई, काय सांगू तुमाला. भाकरी जळली, चटणी संपली, नात जांभई देती, टीव्ही बघून जेवलो म्हणून पस्तावा. सगळं ऐकलंय म्या. एक दिवस तर मलाच रडू आलं, भाजी लागली खाली."

मला वाटलं, आता त्या रंगाच्या डब्यात मलाच लावा आणि वरून माती घाला. बायको माझ्याकडे बघत नव्हती. ती वाकून कळ्या बघत होती, एकेक, बोटाच्या टोकाने. मग म्हणाली, "डबा उचला. नीट. मातीचा गोळा फुटता कामा नये." आणि फाटकातून बाहेर पडताना, अक्कांना ऐकू येणार नाही अशा बेताने, "भाकरीच्या कडा जळतात कारण तुम्ही आच मोठी ठेवता."

झाड पुन्हा कुंडीत गेलं. त्यानंतर काही दिवस आम्ही दोघंही सकाळी उठून आधी तिकडे जायचो, पण आपण बघायलाच आलो असं एकमेकांना दाखवायचो नाही. मी तुटकी खुर्ची सरळ करायला जायचो, ती झाडू आणायला. चारपैकी एक कळी तपकिरी होऊन गळाली. तो माझ्या ओढाताणीचा किंवा नळीच्या पाण्याचा परिणाम. मी दोन्ही गुन्हे कबूल करून टाकले. चादरीचं अजून सांगितलेलं नाही, ते तिला इथेच वाचायला मिळेल.

मग एका सकाळी तिने चहा न करताच हाक मारली. बोडक्या फांद्यांवर, एकाही पानाशिवाय, नारिंगी फुलांचे झुबके उमललेले. आत जरा पिवळसर छटा आणि लांब लांब केसर बाहेर आलेले. तिने फोन काढला, तिकडे लावला, आणि मुलीच्या मांडीवरच्या नातीला म्हणाली, "बघ बाई, तुझ्या गावचं."

नातीने जांभई दिली.

"झुबके किती आहेत?" मुलीने विचारलं. "बाबा, मोजा की. तुम्हाला सराव आहे."

"तीन," मी म्हणालो.

"नीट मोजा, परवा एकसष्ट होती," बायको म्हणाली, आणि तिकडे दोघंही खिदळली, म्हणजे मुलगी आणि बहुतेक जावईही.

मार्च लागला होता. दहा वाजताच ऊन त्या भिंतीपर्यंत सरकत यायला लागलं होतं आणि पाकळ्यांच्या कडा बघता बघता मऊ पडत होत्या. बायकोने वर बघितलं, मग माझ्याकडे.

"छत्री आणा."

"अगं, आता पुरे झालं ना? सगळं उघडकीला आलंय."

"आता खरंच लागतेय," ती म्हणाली.

मी आत जाऊन छत्री आणली. यावेळी तिने तुटक्या खुर्चीवर एक पाट ठेवून स्वतःला बसायला जागा केली, चहाचे दोन कप आणले, एक माझ्या मोकळ्या हातात दिला. टीव्ही बंद होता. भिंतीपलीकडे सुपाचा आवाज थांबला आणि अक्कांचं डोकं वर आलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मेंदी आणून देऊ काय?"